पहिला पसंतीक्रम

मिरज,
१८ जून

प्रिय स्वप्ना,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तर दिलं नाही. आधी मनसोक्त रागाव, मग पुढचं वाच. झालं? बरं.

आमच्या नौशीनचा सीईटीचा निकाल लागला. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा पर्सेंटाइल. मला वाटलं शंभरात अठ्ठ्याण्णव मार्क, म्हणून मी अख्ख्या गल्लीला तसंच सांगून आले. नात म्हणाली, “दादी, हे मार्क नाहीत. शंभरातले किती जण माझ्या मागे आहेत, ते आहे.” म्हटलं, मग तर आणखीच चांगलं.

हे फोनवर सांगायला हवं होतं, पण फोनवर मला आता नुसतं घूं ऐकू येतं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून डबीत ठेवलंय. अजहर म्हणतो, अम्मी, मेसेज टाईप कर. त्या काचेवर एक बोट ठेवलं की तीन अक्षरं उमटतात. आपली पत्रंच बरी. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फक्त इंग्रजी पत्रं वाचायच्या म्हणून आपण मराठीत चिठ्ठ्या लिहायचो, आठवतं? तेव्हाची सवय आज माझ्या कामी आली.

आता खरं काम. नौशीनला रंग आणि वार्निश यांचं इंजिनिअरिंग शिकायचंय. हसू नकोस, असा बी.टेक. असतो. अख्ख्या राज्यात दोनच ठिकाणी, एक मुंबईची सरकारी संस्था आणि एक नागपूरला. घरात काय झालं ते ऐक.

तंबोऱ्याला तारा चढवता चढवता रहिमान म्हणाले, “पॉलिश शिकायला मुंबईला? मग मी हितं चाळीस वर्षं भजी तळली का काय?”

“दादाजी, पावसाळ्यात चपड्याचं पॉलिश पांढरं का पडतं, सांगा.”

“पडतं. म्हणून पावसाळ्यात तंबोऱ्याला पॉलिश करायचं न्हाई.”

“पण का पडतं?”

“ते अल्लाला इचार.”

“तेच विचारायला चाललेय.”

रहिमान इतके हसले की हातातला तंबोरा खाली ठेवावा लागला. दहा वर्षांची होती तेव्हापासून पोरगी हाच प्रश्न विचारतेय, स्वप्ना. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळताना तासन्‌तास बघत बसायची. अजहरनं एकच अट घातलीय. यंदा जी सीट मिळेल ती घ्यायची, वर्षभर थांबून पुन्हा परीक्षा नाही. तिच्या पाठीवर दोघं आहेत, त्याचंही खरं आहे.

आता ते कॅप राउंड, ऑप्शन फॉर्म, पसंतीक्रम. आमच्यातल्या कुणाला काही कळत नाही. तू एकतीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्याच टेबलावर बसलीस. पोरीला तुझ्याकडे पाठवू का?

तुझी,
साबेरा


सातारा,
२३ जून

प्रिय साबेरा,

पाठवू का म्हणून विचारतेस? पत्र वाचून मी आधी सदरबझारच्या दुकानातून कंदी पेढे आणले आणि शेजारी वाटले. माझी नात पास झाली म्हणून सांगितलं. कुणी विचारलं नाही की लग्न न केलेल्या बाईला नात कुठली. सगळ्यांनी मुकाट्याने पेढा खाल्ला.

प्रवेशाचं टेबल म्हटलंस आणि मला ते जुने दिवस आठवले. पहिली यादी काचेच्या फळ्यावर लावली की पोरांची झुंबड. कुणी रडतंय, कुणी वडिलांना शोधतंय. मी प्रत्येकाला सांगायची, जी जागा हाती येते ती आधी घ्या, दुसऱ्या यादीत वर सरकता येईल. कितीतरी मुलं अशी सरकत सरकत आपल्या जागी पोचली. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पण मी माहिती काढून ठेवते.

एक सुचवू? इथल्या कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंग आहे. चांगलं आहे म्हणतात. मुंबईत पोरगी कुठे राहणार, काय खाणार? पाचगणीला आपण होतो तेव्हा तुला आठवडाभर ताप आला होता आणि उशाशी बसायला कुणी नव्हतं. मी सोडून. म्हणून आपलं सुचवलं. माझं घर कॉलेजपासून पंधरा मिनिटांवर. महेंद्र, माझा भाचा, आठ वर्षं इथेच राहून शिकला. आता बंगळूरला असतो. दिवाळीला फोन करतो, न चुकता.

निर्णय अर्थात तिचा.

तुझी,
स्वप्ना


मिरज,
१ जुलै

प्रिय स्वप्ना,

तुझं पत्र मी नौशीनला मोठ्यानं वाचून दाखवलं. मला माझाच आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे फार मोठ्यानं वाचलं असणार, कारण खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला लागलं.

ती म्हणाली, “स्वप्नाआजी किती चांगल्या आहेत. पण केमिकल म्हणजे खत, साबण, तेल सगळंच. मला एकच गोष्ट हवीय.” मग तिनं वही दाखवली. वहीत यादी आहे. एक मुंबई. दोन नागपूर. तीन सातारा, तुझ्यामुळे. चार-पाच पुण्याची. मुंबईच्या गेल्या वर्षीच्या कट-ऑफपेक्षा तिचा नंबर थोडा वरच आहे म्हणते. थोडाच. त्यामुळे रात्रंदिवस पुटपुटत असते. मला ओठ दिसतात ना, आकडेच असतात सगळे.

सुमैरा, तिची आई, शिवणाच्या पिशवीतल्या तुकड्यांतून मुंबईसाठी अभ्रे शिवतेय. मी म्हटलं, अगं अजून कशात काही नाही. तर म्हणाली, “अम्मी, मी बारावीला पहिली आले होते विश्रामबागच्या कॉलेजात. माझे अभ्रे कुणी शिवले नाहीत.” एकोणीस वर्षं सून आहे घरात, हे मला माहीत नव्हतं.

फॉर्म भरायची तारीख आली की पाठवते पोरीला.

साबेरा


सातारा,
२९ जुलै

प्रिय साबेरा,

तुझी नात काल परत गेली आणि घर एकदम मोठं झालं.

शनिवारी दुपारी कोयनेनं आली. माहुलीच्या स्टेशनवर मी अर्धा तास आधीच जाऊन उभी. ओळखणार कशी असं वाटत होतं, तर गाडीतून उतरली ती तूच. तेच चालणं, एक खांदा पुढे काढून, जशी कुणाला ढकलणारच आहे. घरात आल्या आल्या माझ्या आईच्या लाकडी कपाटापाशी गेली, दाराची कड नखानं हलकेच खरवडली आणि म्हणाली, “आजी, यावर तीन थर आहेत. सगळ्यात आतला चपड्याचा. वरचे दोन कुणीतरी घाईत मारलेत.” घाईत मारणारे माझे वडील. पन्नास वर्षांनी पकडले गेले.

दोन दिवस दारात माझ्या चपलांशेजारी दुसऱ्या चपला होत्या. साबेरा, तुझ्या दारात नेहमी दहा जोड असतात, तुला यात काय विशेष ते कळणार नाही.

रविवारी दिवसभर फॉर्मच्या मागे बसलो. वेबसाईट इतकी संथ की मध्ये आम्ही दोनदा चहा केला. तिनं सगळी माहितीपुस्तिका वाचून काढली. काल सोमवारी शेवटची तारीख. दुपारपर्यंत फॉर्म लॉक होईना आणि तिची गाडी चुकायला आली, म्हणून मी म्हटलं, तू नीघ, लॉक मी करते. रिक्षात बसवलं. मग लॉक करताना ओटीपी अजहरच्या फोनवर. त्याला फोन लावला तर,

“मावशी, आला. चार... थांबा, हाताला पॉलिश लागलंय.”

“अरे, वेळ संपतोय!”

“सात... ह्यो एक हाय का सात? मावशी, चष्मा दुकानात ऱ्हायला.”

तीन वेळा ओटीपी मागवला. शेवटी झालं. प्रिंट या पत्रासोबत पाठवते आहे. यादी तिच्या मनासारखीच आहे, थोडा माझा अनुभव घातला आहे.

तुझी,
स्वप्ना


मिरज,
२ ऑगस्ट

स्वप्ना,

घाईत लिहितेय. काल संध्याकाळी अलॉटमेंट लागली. नौशीनला सातारा मिळालं. केमिकल.

अजहर म्हणतो, त्यात “पसंतीक्रम १” असं लिहिलंय. पहिला क्रमांक मुंबईचा होता ना? अजहर नेट कॅफेवाल्याकडे जाऊन आला. तो म्हणाला, पहिल्या पसंतीचीच सीट मिळाली की ती आपोआप पक्की होते. पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. नाही घेतली तर सगळ्यातूनच बाहेर. कॉम्प्युटरची चूक असेल तर कुणाला अर्ज करायचा, ते तुला माहीत असेल. ताबडतोब कळव. हवं तर अजहरला फोन कर, तो मला लिहून दाखवेल.

तुझं पाकीट आज दुपारी आलं. प्रिंटचं दुसरंच पान आहे आत. त्यावर चौथा क्रमांक, पाचवा क्रमांक. पहिलं पान राहिलं का तुझ्याकडे?

पोरीनं वही मिटून फळीवर ठेवलीय. प्रिंटचं ते दुसरं पान हातात घेतलं, बघितलं, घडी घालून मला परत दिलं.

साबेरा


सातारा,
५ ऑगस्ट

प्रिय साबेरा,

कॉम्प्युटरची चूक नाही. माझी आहे.

परवा अजहरशी बोलले तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आता लिहिते. लॉक करताना मी साताऱ्याला पहिला क्रमांक दिला. मुंबई दुसरी, नागपूर तिसरं. मला वाटलं, आमच्या वेळी होतं तसंच असेल. हाती यायची शक्यता असलेली जागा आधी धरायची आणि मग दुसऱ्या फेरीत वर सरकायचं. एकतीस वर्षं मी पोरांना हेच सांगितलं. हात त्याच वळणाने गेला. पहिल्या पसंतीची सीट आपोआप पक्की होते, हे मला कळलंच नाही.

पहिलं पान प्रिंटरमध्येच राहून गेलं असावं. सापडलं की पाठवते.

मी पुण्याच्या प्रवेश कार्यालयात फोन केला. तिथल्या बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, “मॅडम, लॉक केलेला फॉर्म देवालासुद्धा उघडता येत नाही. माझ्या भाचीचंही असंच झालं.” मग मला सांगायला लागल्या भाचीचं. मी ऐकून घेतलं.

तुझ्यासमोर उभं राहायला तोंड नाही. पण एक म्हणते, कॉलेज वाईट नाही, आणि मी इथे आहे. तिला काही कमी पडू देणार नाही. वरची खोली रिकामीच आहे.

मला माफ कर.

स्वप्ना


मिरज,
२१ ऑगस्ट

प्रिय स्वप्ना,

तुझ्या पत्राला पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. लिहायला बसायची आणि पेन खाली ठेवायची. तू मला ओळखतेस, मी रागावले की पानं भरून लिहिते. रागावले नव्हते. काय होते ते मला माहीत नाही.

आता ऐक. माणसाच्या हातून चूक होते. रहिमाननी एकदा सहा महिने काम केलेल्या सतारीचा भोपळा शेवटच्या दिवशी पाडला. ज्याची सतार होती त्या वादकाने त्यांना मिठी मारली होती. मी त्याच्यापेक्षा लहान मनाची ठरू का? तू जन्मभर जे करत आलीस तेच केलंस. मी तुझ्यावर टाकलं, मीच टाकलं. आता यापुढे आपल्या पत्रांत माफीचा शब्द नको.

पण नौशीनचं काय करू ते मला समजत नाही. अजहर तिला साताऱ्याला सोडून आला, ते तुला कळलंच असेल. हॉस्टेलमध्ये राहायचं म्हणाली. मी म्हटलं, अगं आजीचं घर असताना हॉस्टेल? मान हलवली. तुझं नाव काढलं की उठून जायची. जायच्या आदल्या दिवशी मी तिला फार बोलले, स्वप्ना. म्हटलं, मोठ्या माणसाच्या हातून चूक झाली तर असं वागायचं? हेच शिकवलं का तुला? ज्या बाईनं तुझ्यासाठी पेढे वाटले तिच्याशी असं? तिनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी फक्त म्हणाली, “बरं, दादी.” ते मी ओठांवरून वाचलं.

सुमैरानं अभ्रे कपाटाच्या वर टाकलेत. मी खाली काढते, ती परत वर टाकते. रहिमान सकाळपासून एकाच तारेला पीळ देत बसतात. गिऱ्हाईक आलं की म्हणतात, “उद्या या.” काल कुणीतरी विचारलं, नात काय शिकतीय? तर म्हणाले, “जे मिळालं ते.” हे मला कळलं नसतं तर बरं झालं असतं. अजहरने लिहून दाखवलं.

मला एकच आधार आहे, की ती तुझ्या गावात आहे. तिला ओढून घेऊन ये. दर रविवारी जेवायला बोलव. तुझ्यापाशी बसली की कधीतरी मन मोकळं करेल. मला नाही जमणार आता, ती बोलेल आणि मला ऐकूच येणार नाही. तू ऐक आणि मला लिही.

तुझी,
साबेरा


सातारा,
१ सप्टेंबर

चि. नौशीन,

हे पत्र तुझ्या हॉस्टेलच्या वॉचमनकडे देते आहे. मी तीन वेळा आले, तिन्ही वेळा तू खोलीत नाहीस असा निरोप आला. मला ते पटलं. मी तुझ्या जागी असते तर मीही नसते.

तुझ्या दादीनं मला माफ केलं आहे. जे मी तिला लिहिलं त्यासाठी केलं आहे. जे घडलं त्यासाठी नाही.

त्या रविवारी तू मला नियम दोनदा वाचून दाखवलास. पहिल्यांदा इंग्रजीत. मग म्हणालीस, “आजी, म्हणजे पहिल्या नंबरवर तेच टाकायचं जे मिळालं तर परत वळून बघायचं नाही.” मी म्हटलं, समजलं गं, मी काय अडाणी आहे? तू हसलीस. तेव्हा तू पायाचा अंगठा चटईत रुतवून बसली होतीस. मला सगळं आठवतं.

सोमवारी तुला रिक्षात बसवून मी घरात आले. साईट उघडली होती. तुझी यादी समोर होती, जशी तू लावून गेली होतीस. मी सातारा ओढून वर नेलं. एवढंच. माउसनं ओढावं लागतं, बाळा, त्याला वेळ लागतो. मला थांबायला पुरेसा वेळ होता. मी स्वतःला सांगितलं, मुंबई तसंही मिळणार नाही. मग सांगितलं, मुंबईत पोरीचे हाल होतील. मग काहीच सांगितलं नाही आणि अजहरला ओटीपी विचारला. पहिलं पान मी फाडून टाकलं.

मला तुझं वाईट करायचं नव्हतं. पण दोन दिवस मी कुणाशी तरी बोलत होते आणि तिसऱ्या दिवसापासून बोलणार नव्हते. कारण एवढंच आहे. एवढ्याशा कारणासाठी कुणी असं करतं का? मी केलं.

सत्तेचाळीस वर्षांत मी साबेराशी खोटं बोलले नव्हते. आज रात्री तिला सगळं लिहिणार आहे. त्याआधी तुला सांगावं असं वाटलं.

स्वप्नाआजी


सातारा,
४ सप्टेंबर

स्वप्ना मॅडम यांस,

पत्र मिळालं. वॉचमनकाकांना मी सांगून ठेवलंय की अजून पत्र आलं तर घेऊ नका. म्हणून सगळं यातच लिहिते.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. अलॉटमेंटमध्ये “पसंतीक्रम १” वाचल्यावर मला काही शोधावं लागलं नाही. मी तुम्हाला नियम वाचून दाखवला होता, तो तुम्हाला समजला होता, आणि तुमच्याइतकं प्रवेशाचं काम माझ्या ओळखीत कुणी केलेलं नाही.

परवा शेवटच्या फेरीचे कट-ऑफ लागले. मुंबईच्या त्या कोर्सची शेवटची सीट माझ्या मागच्या चारशेबाराव्या नंबरला गेली. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितेय.

तुम्ही दादीला लिहू नका. लिहिलं असेल आणि पोस्टात टाकलं नसेल तर फाडून टाका. ते तुम्हाला जमतं.

कारण सांगते. आमच्या घरात सात माणसं आहेत. सगळे बोलतात, दादी सगळ्यांच्या तोंडाकडे बघते आणि सगळे हसले की एका सेकंदानं हसते. आम्ही तिला निम्मंच लिहून दाखवतो, कारण कंटाळा येतो. मीही तसंच करायचे. फक्त तुमचं पत्र येतं तेव्हा तिच्याशी कुणीतरी पूर्ण बोलतं. ती ते तीनदा वाचते. पहिल्यांदा उभ्यानं, मग खुर्चीत, मग आम्हाला ओरडून. पुढचे दोन दिवस ती घरात सगळ्यांच्या आधी उठते. तिच्याकडे एवढंच आहे. माझं जे गेलं ते गेलं. त्यासाठी मी तिचंही काढून घेणार नाही.

ती मला खूप बोलली. मी सांगू शकले असते. माझ्या तोंडावर आलं होतं. पण मग तिच्याकडे काय राहिलं असतं?

अब्बांच्या फोनवर मी रोज मेसेज पाठवते, ते तिला वाचायला देतात. मागच्या दोन रविवारी मी तुमच्याकडे जेवायला गेले, असं मी तिला लिहिलंय. पहिल्यांदा तुम्ही शेवयाची खीर केली होती. दुसऱ्यांदा पिठलं-भाकरी, आणि दुपारी आपण झोपलो. आता तुम्हीही तसंच लिहायचं. दर रविवारी मी येते असं लिहा. काय खाल्लं, काय बोललो ते लिहा. ती बारीक बारीक विचारते, तेव्हा दोघींचं जुळलं पाहिजे. मी शनिवारी अब्बांना काय कळवणार आहे त्याची चिठ्ठी वॉचमनकाकांकडे ठेवत जाईन. ती तुम्ही घेऊन जा.

मी येणार नाही. या वर्षी नाही आणि चौथ्या वर्षीही नाही. रस्त्यात भेटलात तर सलाम करीन, घरी तसं शिकवलंय. कॉलेजच्या समोरच्या स्टॉपवर तुम्ही उभ्या असता ते मला दिसतं. उभ्या राहू नका, मैत्रिणी विचारतात कोण आहेत.

नौशीन


सातारा,
१५ सप्टेंबर

प्रिय साबेरा,

नौशीन काल आली होती. तुझा निरोप मी तिला सांगितला. फार मायाळू पोरगी आहे गं.

अकराच्या सुमाराला आली. बाहेर भुरभुर होती, तर छत्री दाराशी उघडीच ठेवली आणि म्हणाली, “आजी, मिटली तर वास येतो.” मी तव्यावर घावन घालत होते. ती ओट्याशी उभी राहून गरम गरम खात होती. मी म्हटलं, बसून खा. म्हणाली, “बसलं की कमी जातं.” पाच खाल्ले. वर गूळ-खोबरं.

तू लिहिलंस तसं ती हळूहळू मोकळी होते आहे. गणिताचे सर फार भरभर शिकवतात म्हणाली. खोलीतली एक मुलगी कऱ्हाडची आहे, ती झोपेत बोलते. मग आपल्या दोघींचं विचारत बसली. तू पाचगणीला भिंतीवरून उडी मारून पेरू आणले होतेस आणि मी खाली झोळी धरून उभी होते, ते सांगितलं. “दादीनं उडी मारली?” असं म्हणून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी तिला म्हटलं, मागे झालं ते मनात ठेवू नकोस. तर माझा हात हातात घेतला. तेवढं मला पुरलं, साबेरा. तूही आता घोर लावून घेऊ नकोस. सुमैराला सांग, पोरगी नीट खाते. रहिमानभाईंनाही सांग.

चारला निघाली. मी नाक्यापर्यंत सोडायला गेले. वळून दोनदा हात केला.

दर रविवारी येते म्हणाली आहे. तेव्हा तू मला एक काम करून दे. तिला काय आवडतं आणि काय आवडत नाही ते सविस्तर लिही. लहानपणापासूनचं लिही. भाजी कुठली, गोड कुठलं, चहात साखर किती, झोपताना दिवा लागतो की नाही, कशावर हसते, कशाची भीती वाटते, सगळं लिही. मी विचारलं तर नुसतं “काहीही चालेल” म्हणते, आणि मला पुढच्या रविवारसाठी काहीतरी हवं आहे.

तुझी,
स्वप्ना